दोन दिवसांचं काम

आमच्या आबांना बढाई मारायची सवय नव्हती असं मी म्हटलं, तर जळगावच्या मेहरूणमधली कुत्रीसुद्धा हसतील. आबा म्हणजे माझे वडील. एरंडोलजवळच्या खेड्यातून ते जळगावात आले, मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं आणि विहिरीवरच्या जळक्या मोटारींना पुन्हा तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता त्यांचे केस पांढरे झाले. मोटार उघडून बघायची त्यांना गरज पडत नसे. गिऱ्हाइकाच्या बैलगाडीपाशी उभं राहून, हातानं मोटारीचं चाक फिरवून, कान देऊन ते सांगायचे, "बेअरिंग गयं." आणि ते गेलेलंच असायचं. हाच माणूस माझ्या साखरपुड्याच्या पंगतीत, हातात जिलेबी धरून, दोन्हीकडच्या दीडदोनशे माणसांसमोर आपल्या अहिराणीत म्हणाला, "कोनतंबी मशीन राहो, मनी पोर दोन दिनमां चालू करी दी!"

विषय निघाला होता नवरदेवाच्या लॅपटॉपचा. नवरदेव धुळ्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. परदेशातून परतलेल्या मित्राकडून त्यांनी तो वापरलेला लॅपटॉप घेतला होता आणि घेतल्यापासून तो काही सुरू झाला नव्हता. माझे होणारे सासरे पंगतीत सहज बोलून गेले, की घरात एक काळी पेटी नुसती पडून आहे. मी त्या वेळी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आबांच्या लेखी मोटार काय नि कॉम्प्युटर काय, आतून वीज जाते ना, मग झालं. आठ दिवसांत धुळ्याहून जीप आली आणि टॉवेलात गुंडाळलेली ती पेटी आमच्या पुढच्या खोलीतल्या टेबलावर येऊन बसली. आईनं तिला हळदकुंकू लावलं, झाकणावर स्वस्तिक काढलं आणि एक नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडायच्या आत मी पेटी छातीशी कवटाळली, म्हणून पुढची गोष्ट घडली.

आता खरं सांगते. त्या पेटीपेक्षा तिचा मालक मला जास्त अवघड वाटत होता. पाहण्याच्या कार्यक्रमात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "पोहे तुम्ही केलेत का?" मी "नाही" म्हटलं. ते म्हणाले, "छान झालेत." एवढ्या संभाषणावर मी होकार दिला होता. का दिला ते विचारू नका. त्यांचे कान लाल झाले होते, तेवढं आवडलं असेल. पण रात्री अंथरुणावर पडलं की मी ओळखीचे पुरुष मोजायची. आमच्या घरातल्या, दुकानातल्या, क्लासमधल्या, झाडून सगळ्या पुरुषांना सगळं येत होतं. कुणाच्या तोंडून "मला माहीत नाही" हे तीन शब्द मी कधी ऐकले नव्हते. त्यातलाच आणखी एक जन्मभरासाठी पदरात पडला तर माझ्यासारख्या नाकावर राग असलेल्या बाईचं काय होणार? लग्न वैशाखात होतं. तोवर मला हा माणूस कळायला हवा होता.

आणि कळायला मार्ग नव्हता. आबांचा कायदा स्पष्ट होता, "साखरपुडा व्हयना म्हनजे लगीन नही व्हयनं. लगीन लागेपावत बोलनं बंद." पत्र नाही, भेट नाही, फोन तर नाहीच नाही.

पहिल्या दिवशी मी बाह्या सरसावून बसले. पेटीतलं जुनं विंडोज पार कुजलं होतं. आमच्या क्लासच्या सरांकडे एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी होती, तिच्यावर लिनक्स होतं, विंडोजच्या जागी चालणारं. ते घालून बघायची मला महिनाभर खाज होती, पण क्लासच्या मशीनला कोण हात लावू देतो? इथे आयतं मशीन सापडलं. आधी फोनवरून, म्हणजे आबांकरवी, परवानगी घेतली. धुळ्याहून उत्तर आलं, "खुशाल घाला." संध्याकाळपर्यंत लिनक्स चढलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर गेली आणि शेवटी माझं नाव विचारलं. मी नाव दिलं, पासवर्ड दिला, आणि त्यानं मला आत घेतलं. मी खुर्चीतच दोन उड्या मारल्या. आबा खोलीतल्या झोक्यावरून म्हणाले, "व्हयनं ना? मी सांगं व्हतं. एकच दिन लागना."

मग मी चित्रांचा पडदा सुरू करायची आज्ञा दिली. अक्षरांच्या जागी खिडक्या, रंग, माउसचा बाण, असं सगळं येणार होतं. पडदा काळा झाला. मग पांढरा झाला. मग कडेकडेनं करडे डाग आत सरकू लागले, मधोमध उभ्या रेषा थरथरल्या आणि शाई सांडलेल्या टीपकागदासारखा सगळा पडदा भिजत गेला. मी बटण दाबून पेटी बंद केली आणि आबांकडे बघून हसले. ते हसणं कसं होतं ते आबांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सुधारणा झाली, म्हणजे एकाऐवजी चार छोटी चित्रं दिसली, चारही वाकडी. भानगड अशी होती, की पडद्याला चित्र पुरवणारी जी चिप त्या लॅपटॉपमध्ये होती, तिची भाषा माझ्या सीडीवरच्या लिनक्सला येतच नव्हती. ती भाषा शिकवणारा तुकडा म्हणजे ड्रायव्हर. तो नसेल तर एका फाइलीत पडद्याची आडवी-उभी गती आकड्यांत लिहून जुळवून बघायची. आणि त्या फाइलीच्या वरच इशारा होता, की चुकीचे आकडे घातले तर पडदा कायमचा जळू शकतो. तो पडदा माझ्या सासरचा होता. मी अजून सासरी गेलेसुद्धा नव्हते.

"आबा," मी म्हटलं, "मला त्यांना विचारावं लागेल. पडद्याचे आकडे त्यांच्याकडच्या कागदांत असतील."

"मी इचारस," आबा म्हणाले आणि धुळ्याला फोन लावला. दहा मिनिटं ते "आडवी गती... आडवी म्हनजे आडवी... नही, गाडीनी नही, पडदानी," असं ओरडत होते. शेवटी घामाघूम होऊन त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "मशीननं बोल. दुसरं काहीच नही."

असा आमच्या घरातला कायदा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरनं मोडला.

दर रविवारी दुपारी जेवणं झाली की फोन वाजायचा. मी पेटी उघडून समोर बसायची, आबा झोक्यावर कान टवकारून बसायचे. झोक्याची कडी करकरायची थांबली, की समजावं आबा नीट ऐकताहेत. पहिल्या रविवारी मी सगळं सांगितलं, डाग, रेषा, चार चित्रं. पलीकडून आवाज आला, "मला माहीत नाही."

"काय?" मी म्हटलं.

"मला यातलं काही माहीत नाही हो. शोधून सांगतो."

मला एकदम इतकं हसू फुटलं, की ओढणीचा बोळा तोंडात कोंबावा लागला. आबांचा झोका थांबला. "काय व्हयनं?" "काही नाही आबा, पडदा पांढरा झाला," मी म्हटलं. त्या दिवशी मी भांडी घासताना हसत होते, कपडे वाळत घालताना हसत होते. आई म्हणाली, "काय दात काढी राहिनी वं? लोके काय म्हनतीन?" लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. माझ्या नशिबी "माहीत नाही" म्हणणारा माणूस आला होता!

पुढच्या रविवारी ते शोधून आले होते. इंजिनिअरिंग कॉलेजात कुणाकडे इंटरनेट होतं, तिथे भर दुपारी सायकलवर जाऊन त्यांनी दूरदेशीच्या लोकांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं छापून आणली होती. सगळ्यांची तीच चिप, सगळ्यांचा तोच पांढरा पडदा. ते कागद त्यांनी धुळे-जळगाव एसटीच्या कंडक्टरजवळ दिले. आबा स्टँडवरून पाकीट घेऊन आले ते फोडूनच. "बठ्ठं इंग्रजीमां शे," ते संशयानं म्हणाले आणि शेजारच्या हायस्कूलच्या मास्तरांकडून त्यांनी ते सगळं इंग्रजी आधी तपासून घेतलं. मास्तरांनी चष्मा लावून सहा पानं वाचली आणि दाखला दिला, की यात प्रेमाचं एक अक्षर नाही. बिचारे खरंच बोलत होते. पण एका पानाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, "हे करताना एका वेळी एकच आकडा बदला. घाई नको. जळलं तर जळलं." त्या "जळलं तर जळलं"वर मी कितीतरी वेळ बोट ठेवून बसले होते. इतकी महागाची वस्तू, आणि हा माणूस मला म्हणतोय जळलं तर जळलं.

इकडे आबांची मात्र पंचाईत झाली. दोन दिवसांचे वीस झाले, विसाचे चाळीस. पिंपळनेरला कुणाच्या तरी लग्नात दोन्हीकडची मंडळी भेटली, तर व्याह्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय आबा, दोन दिन आजून सरनात नहीत का?" मांडव हसला. त्या दिवसापासून आबांचं नावच पडलं, दोन दिनवाले आबा. दुकानात मोटार टाकायला आलेला शेतकरीसुद्धा विचारायचा, "आबा, दोन दिनमां व्हई का?" आबा घरी आले की चप्पल नेहमीपेक्षा जोरात काढत. वर्षानुवर्षं कमावलेला शब्द असा हसण्यावारी गेलेला त्यांना झोंबत होता, ते मला दिसत होतं.

माघात धुळ्याहून आनंदाची बातमी आली. त्या चिपची भाषा जाणणारा ड्रायव्हर कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुला केला होता. तो मोठा होता, म्हणून त्याचे तुकडे करून चार फ्लॉपींवर घालून एसटीनं पाठवला होता. आबा तो पुडा घेऊन दुकानात गेले आणि संध्याकाळी घरी घेऊन आले. मी पहिली फ्लॉपी घातली. वाचता येत नाही. दुसरी. वाचता येत नाही. चारही कोऱ्या करकरीत.

"आबा, या दिवसभर कुठे होत्या?"

"जपीसन ठेयेल व्हत्यात," आबा अभिमानानं म्हणाले. "हारपी नको जावाले म्हनीसन लोखंडी कपाटले लोहचुंबक वरी दाबी ठेयात."

दुकानातल्या बिलांना, चिठ्ठ्यांना ते असंच करायचे. जुन्या लाउडस्पीकरचं हे थोरलं लोहचुंबक कपाटाला चिकटवायचं, त्याखाली महत्त्वाचा कागद. महत्त्वाची वस्तू म्हणून माझ्या फ्लॉपींना त्यांनी सगळ्यात मोठं चुंबक दिलं होतं. चुंबकानं फ्लॉपीवरचं सगळं पुसलं जातं हे मी सांगितलं, तेव्हा आबांचा चेहरा इतका पडला, की माझा संताप घशातच राहिला. जन्मभर चुंबक आणि तार हाताळलेला माणूस! "मले समजाले जोयजे व्हतं," एवढंच ते म्हणाले. रविवारी मी फोनवर हे सांगितलं तर पलीकडे नवरदेवांना हसू फुटलं. हसू आवरून म्हणाले, "आबांना सांगा, मी कॉलेजात एकदा फ्लॉपी पंच करून फाइलीला लावली होती." मी ते आबांना सांगितलं. आबा झोक्यावर खो खो हसले. मग आपण जावयाला हसलो हे लक्षात येऊन खोकले.

दुसरा पुडा आबांनी आईच्या जुन्या लुगड्यात बांधून, लाकडी डब्यात घालून, दुकानाला वळसा घालून थेट घरी आणला.

त्या दुपारी घरात मी एकटीच होते. चार फ्लॉपी वाचल्या. तुकडे जोडले. फाइलीत एक ओळ बदलली, फक्त एक. आज्ञा दिली. पडदा काळा झाला, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर बारीक ठिपक्यांचा करडा पडदा, स्थिर, स्वच्छ, आणि मधोमध एक छोटी काळी फुली, कीबोर्डखालच्या पट्टीवर माझं बोट फिरेल तशी फिरणारी. मी किंचाळले. लिनक्सबरोबर एक मजेचा प्रोग्रॅम होता, पडद्यावर दोन मोठे डोळे येतात आणि बाण जाईल तिकडे बघत राहतात. तो लावला. बोट डावीकडे नेलं, डोळे डावीकडे. उजवीकडे नेलं, उजवीकडे. मी टेबलाभोवती फुगडीचे फेर घेतले, एकटीनंच. घामानं निथळत खुर्चीवर पडले, आणि तेव्हा डोक्यात वीज चमकली: मशीन चालू झालं म्हणजे फोन बंद.

वैशाखाला दोन महिने होते. मी पोहे-माणसाला नुकतं कुठे ओळखायला लागले होते.

रविवारी फोन आला. आबांचा झोका थांबला. "काय म्हणतोय पडदा?" नवरदेवांनी विचारलं.

"पांढराच," मी म्हणाले.

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. मग एकाचे दहा झाले. दर आठवड्याला नवा बिघाड रचायचा. कधी रंग उलटे दिसतात, कधी बाण नाहीसा होतो. बिचारा माणूस प्रत्येक बिघाडासाठी उन्हातून सायकल हाणायचा, कागद आणायचा, आणि मी ते वाचून पुढचा बिघाड शोधून काढायची. मला लाज वाटायची आणि रविवारची वाटही बघवायची नाही. ते मध्येच सांगायचे, की त्यांना पोहायला येत नाही, की त्यांच्या आईच्या हातचं वांग्याचं भरीत खाऊन माणूस रडतो, की लग्नानंतर मी धुळ्यात क्लासमध्ये शिकवलं तर त्यांना फार आवडेल. हे सगळं "पडदा रिफ्रेश होईपर्यंत" या नावाखाली. झोका थांबलेलाच असायचा, पण आबा काही म्हणत नसत. कुणाची चाहूल लागली की मी तीन बटणं एकदम दाबायची, की डोळे जाऊन पुन्हा काळा पडदा, पांढरी अक्षरं.

आबांची चप्पल मात्र जोरातच निघत होती. एका शब्दात मी त्यांची मान वर करू शकत होते. "आबा, झालं." एवढंच. रोज संध्याकाळी ते शब्द ओठांवर यायचे. रोज मी ते गिळायची. मुलगी म्हणून मी किती नालायक आहे याचा हिशेब मी नंतर करायचं ठरवलं होतं.

होळी झाली. उन्हं तापली. आईनं गच्चीवर बिबड्या घालायला काढल्या. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. शिजवलेलं पीठ गरम असतानाच हातानं थापायचं, म्हणून हात रिकामा नसतो. त्या दिवशी मी खाली पडद्यावर ते दोन डोळे लावून बसले होते, तेवढ्यात आईनं वरून हाक मारली. मी झाकण अर्धवट लोटलं आणि वर पळाले. तासाभरानं खाली फोन वाजला. रविवार नव्हता. मी पिठाचे हात तसेच घेऊन जिना उतरले आणि दाराशीच थबकले.

आबा माझ्या खुर्चीत बसले होते. पेटीचं झाकण पूर्ण उघडं होतं. डाव्या हातानं त्यांनी रिसीव्हर कानाशी धरला होता, आणि उजव्या हाताचं एक बोट, तारेनं कापून कापून निबर झालेलं, पेटीच्या पट्टीवर हळूहळू गोल फिरत होतं. पडद्यावरचे दोन डोळे त्याच्यामागे गोल फिरत होते. ते बोट आज पहिल्यांदा फिरत नव्हतं. जी सफाई यायला मला आठवडे लागले होते, ती त्याला होती. मला आठवलं, मोटार चालू आहे की बंद, हे हा माणूस दाराबाहेरून कान देऊन सांगतो, आणि ती पेटी तर कितीतरी दिवस याच खोलीत घुमत होती.

पलीकडे व्याही होते. त्यांचं हसणं रिसीव्हरमधून दारापर्यंत ऐकू येत होतं. दोन दिवसांचंच काहीतरी विचारत असणार.

"नही व्याही," आबा म्हणाले. त्यांनी बोट डावीकडे नेलं, डोळे डावीकडे गेले. "आजून चालू नही व्हयनं. पोरले जमी नही राहिनं."

पलीकडे आणखी मोठं हसू. आबांनी ते ऐकून घेतलं.

"हसा, हसा. मीच बोलनू व्हतू," ते म्हणाले. "आजून महिनाभर तरी लागी. जवाईले सांगा, दर रविवारले फोन करत जा म्हना."